हत्तीची सायकल

कपडे वाळत घालायच्या स्टँडच्या शेवटच्या दांडीवर वेदची गुडघ्याला बांधायची काळी पट्टी लटकत होती, आणि आत कोणाचाच पाय नसताना तिला गुडघ्याचा बाक आला होता... चित्रलेखाने ती ताणून सरळ केली, सोडली, पट्टी परत वाकली. परदेशातल्या या टार्निट उपनगराचं ऊन काचेतून नुसतं दाखवायला. सप्टेंबर संपत आला, इथली थंडी सरायची वेळ झाली, तरी कपडे हीटरपाशीच वाळवायचे. लेकीच्या, नीलिमाच्या नजरेला पडायला नको म्हणून तिने पट्टीवर आपला परकर टाकला. आता परकराला गुडघा आला. एरवी याची केवढी गोष्ट झाली असती, पण सांगायची कोणाला—सहा महिन्यांसाठी लेकीकडे आले, विमानं बंद झाली, नि शेजारची शोभा कुंपणापलीकडून नुसता हात हलवते, जशी काही मी बोटीतून निघालेय.

वर नीलिमा ऑफिसच्या मीटिंगमध्ये. खाली गॅरेजमध्ये नातू, वेद. बॉल आपटला की नीलिमा ओरडायची. आज आपटत नव्हता, आणि ते जास्त वाईट होतं. पोरगा युनिव्हर्सिटी सोडून बास्केटबॉलमागे लागला, एका क्लबात शेवटच्या बाकावर का होईना जागा मिळाली, आणि हा कोरोना आला. करार संपला. कोणाला ठेवायचं हे क्लब या आठवड्यात ठरवणार. आणि ठरवणार प्रताप.

प्रताप म्हणजे माझाच मुलगा, वेदचा मामा. परवापरवापर्यंत खेळाडूंचा एजंट होता, पोरांच्या बाजूने क्लबवाल्यांशी भांडायचा; वेदला तिथे चिकटवला तो त्यानेच. मग तोच क्लब म्हणाला, आत ये, टीम तूच बांध. राज्याराज्यांतल्या बॉर्डर बंद, म्हणून दुसऱ्या राज्यातल्या, वेंटवर्थव्हिलच्या आपल्या घरातूनच कारभार. पुण्याच्या मैत्रिणींना तिने फोनवर सांगितलं होतं की त्याला न्यायला क्लबाने कांगारूंची बग्गी पाठवली, नि मधला कांगारू वाटेत रुसला. त्या हसल्या. तीही हसली. त्या रात्री मात्र तिला चुलतबहिणीच्या, पद्माच्या लग्नाची बैठक आठवत राहिली—भास्करराव मध्यस्थ, चहा येईपर्यंत मुलीकडच्या गादीवर, आणि चहानंतर मुलाकडच्या तक्क्याला टेकलेले. पद्माच्या बापाने विश्वासाने कानात सांगितलेलं सगळं त्या तक्क्याला टेकून बसलेलं...

चूक म्हणावी, तर काय चूक? माणसाने जन्मभर दुसऱ्याच्या दारात भांडत उभं राहायचं का. आत बोलावलं तर जावंच. पण बाहेर असताना पोरांनी जे सांगितलं ते चपलेसारखं दारात काढून ठेवता येतं का? ‘दुखलं-खुपलं तर आधी मला सांगायचं,’ असं प्रतापच वेदला म्हणायचा. आणि आता वेद, तिच्या हाताखाली तेल लावून घेताना, दात आवळून—‘आजी, प्लीज, मामाला नको. ही इज नॉट माय एजंट एनीमोर.’ महिना झाला. गॅरेजमध्ये एकटाच उड्या मारताना तोच जुना दुखरा गुडघा मुरगळला. डॉक्टरकडे गेलो तर क्लबाला कळेल म्हणतो. नीलिमालाही सांगायचं नाही. तिळाचं तेल, आणि मी.

दुपारी फोन वाजला तेव्हा ती कुकर लावत होती. प्रताप. आज व्हिडिओ नव्हता, नुसता आवाज. जेवलीस का, गोळ्या घेतेस ना, मास्क लावून तरी चालायला जातेस का—सगळं विचारून झाल्यावर तो थांबला, आणि ती थांबण्याची जागा तिला कळली.

“वेदचा गुडघा कसा आहे गं?”

“कोण विचारतंय?”

“मी. मामा.”

“मग त्या खुर्चीवरून उठून विचार.”

तो हसला, उठला की नाही ते दिसलं नाही. म्हणाला, पोराने क्लबाला स्वतःच भरून पाठवलेल्या रिपोर्टात सगळं ठीक आहे, पण पोरगा फोनवर नीट बोलत नाही. चित्रलेखाला वाटलं, खरं सांगितलं तर पोरगा गेला, गप्प बसलं तरी गेला—आणि मग तोंड आपलं आपणच सुरू झालं. अरे, गुडघा कसला, स्प्रिंग आहे स्प्रिंग. परवा तो मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालायला आला, तर वेदने अशी उडी मारली की पक्षी खाली नि हा वर. पक्ष्याने मान वर करून बघितलं. लाजला. तेव्हापासून आपल्या रस्त्याला फिरकला नाही, विचार शोभाला...

पलीकडून हळू आवाजात, लहानपणीच्या—

“आई, ही हत्तीची सायकल आहे का?”

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केला नाही. प्रताप पहिलीत होता, त्याचे बाबा हॉस्पिटलात, आणि तिने त्याला सांगितलं होतं की बाबांना एका राजाने हत्तीला सायकल शिकवायला बोलावलंय. केवढे डोळे करून ऐकलं होतं पोराने. विश्वास बसला, असं तिला वाटलं होतं, इतकी वर्षं वाटत होतं—बाबांचा शर्ट उशाशी घेऊन झोपला, तरी वाटलं होतं. म्हणजे तेव्हापासून तो मोजत आलाय. गोष्ट जेवढी मोठी, तेवढं काहीतरी... आणि मी आज पक्ष्याला खाली नि पोराला वर...

“ठेवतो,” तो म्हणाला. खुर्ची करकरली. उठला असेल. की नीट सरकून बसला असेल? करकर दोन्हीची सारखीच असते.

संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन ती गॅरेजमध्ये गेली. वेदने पाय पुढे केला. गुडघा तळव्याखाली गरम लागला, नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखा.

“मामाचा कॉल होता ना? काय म्हणाला?”

तिने तोंड उघडलं. आत सगळे तयार उभे होते, हत्ती, कांगारू, लाजलेला पक्षी... पण हाही पोरगा त्यांच्यातच वाढलेला, त्याचीही नजर तिच्या तोंडाकडे, मोजणारी. आज काहीतरी छोटं हवं होतं, मुठीत मावेल एवढं, कोणालाही खरं वाटेल असं. ती शोधत राहिली. बोटं गुडघ्याभोवती फिरत राहिली. आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या ध्यानात आलं की छोटं खोटं कसं बोलतात ते तिला येतच नाही.