गिरणी जळू दिली तेव्हा

गावच्या अग्निशमन दलाला सव्वाशे वर्षं होत आली, तेव्हा त्याचा इतिहास लिहायचं काम वेंडेलिन मास्तरांच्या गळ्यात पडलं. दलात पगारी माणूस एकही नाही. भोंगा वाजला की सुतार रंधा टाकून धावतो, बेकरीवाला मळलेलं पीठ टाकून. मास्तर स्वतः तीस वर्षं वर्ग सोडून धावले होते.

जुन्या नोंदवह्यांत बारीकसारीक सगळं होतं. फक्त १९४४ सालच्या ऑगस्टात एकच ओळ: ‘गिरणीला आग. बंब बायकांनी चालवला.’ खाली आठ सह्या. त्यांतली एकच बाई आता हयात होती, सत्त्याण्णव वर्षांची ओटिली आजी.

ती स्वयंपाकघरात आलुबुखारातल्या बिया काढत बसली होती. मास्तरांपुढेही तिने एक सुरी सरकवली.

“तरणे पुरुष सगळे लढाईवर,” ती म्हणाली. “आम्ही आठ जणी. हाताने उपसायचा बंब. खांदे भरून यायचे.”

“आणि तुम्ही गिरणी वाचवलीत.”

“कसली वाचवतेय? जळू दिली. वारा घरांकडे होता आणि पाइप एकच. मी म्हटलं, छपरं भिजवा.”

“गिरणी कोणाची होती?”

“आमच्या बाबांची.” तिने बी वाटीत टाकली. “ते समोर उभे राहून हाका मारत होते, ओटिली, इकडे पाणी मार. मी वळून पाहिलं नाही. पुढे दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना मीठसुद्धा आईमार्फत मागायचे.”

“मग बोलले कधी?”

“आम्ही छपरं भिजवली त्यातल्याच एका घरात बाळाचा बाप्तिस्मा होता. तिथून आले आणि मला म्हणाले, पोर गुटगुटीत आहे. तेवढंच. पण मलाच म्हणाले.”

मास्तरांनी हे जसंच्या तसं लिहिलं. दलप्रमुख रूपर्टने वाचून नाक मुरडलं. “मास्तर, सोहळ्याच्या पुस्तकात हरलेली आग कशाला?”

“हरली कुठे? गिरणीशेजारच्या रांगेतली सातही घरं उभी आहेत. एकात तू राहतोस.”

रूपर्टने पान परत एकदा वाचलं. मग म्हणाला, “आजीला दाखवून घ्या एकदा.”

ओटिलीने भिंग लावून पान दोनदा वाचलं आणि एका नावावर बोट ठेवलं. “वाल्बुर्गा नव्हती त्या दिवशी. तापाने पडली होती. सही तिने मागाहून केली.”

“मग आठवी कोण?”

“आमची आई. बाबा हाका मारत होते तेव्हा माझ्या शेजारीच बंबाचा दांडा ओढत होती. ते मी त्यांना कधी सांगितलं नाही, आईनेही नाही; म्हणून वहीत तिच्या जागी वाल्बुर्गाची सही. धुरात त्यांना दिसलंच नसावं.”

मास्तरांनी कागद पुढ्यात ओढला. मग त्यांनी खिशातून पेन काढलं.

“नाव सांगा आईचं.”

“कुनिगुंडे,” ओटिली म्हणाली. “नीट लिहा.”