पट्ट्यातली माया

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या गळ्यात बसतो तो नव्हे. कुत्र्याला फिरायला नेताना माणूस हातात धरतो, तो लांबलचक. सध्या माझा मुक्काम दाराशेजारच्या खुंटीवर आहे. शेजारी एक छत्री असते, पण ती वर्षातला बराच काळ झोपलेली असते आणि जागी झाली की नुसती ठिबकते. तेव्हा बोलायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. दुकान कसलं, राहत्या घराचीच पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन, मधे कापड बेतायचं टेबल आणि टेबलाखाली चिंध्यांचा ढीग. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर एकटेच राहायचे. एका सकाळी त्या चिंध्यांच्या ढिगात त्यांना कुत्र्याचं पिल्लू झोपलेलं सापडलं. काळं, गोल, एवढंसं. "अरे, हे तर कोटाचं बटण!" मास्तर म्हणाले, आणि तेच त्याचं नाव पडलं.

दप्तरांचे बंद शिवून उरलेली जाड नवार घेऊन मास्तरांनी त्याच दिवशी मला शिवलं. दुहेरी टीप मारली, टोकाला पितळी कडी लावली, मुठीशी मऊ अस्तर दिलं. आणि मग त्यांनी अशी एक चूक केली, जी शिंपीच करू जाणे. वाढत्या मुलांचे कपडे शिवताना ते नेहमी आत माया ठेवायचे. माया म्हणजे शिलाईत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. मूल वाढलं की टीप उसवायची आणि ते सोडायचं. मास्तरांनी मलाही माया ठेवली, तीही चांगली ऐसपैस. "पोरगं वाढेल," म्हणाले. आता तुम्हीच सांगा, कुत्रा वाढला म्हणून हातातला पट्टा आखूड पडतो का? पण हाताला वळण पडलेलं. शिवाय बटण काही वाढलं नाही, जन्मभर बटणच राहिलं. माझ्या मधोमध ती जाड घडी तशीच राहिली आणि गिऱ्हाइकं तिला हसत राहिली.

मास्तरांना एक दुखणं होतं. बाकीचं वर्ष माणूस ठीक असे, पण थंडीचे दिवस आले, झाडांची पानं पिवळी पडून गळू लागली, दिवे लवकर लावावे लागले, की त्यांचं मनच बसायचं. सुईत दोरा न ओवता खिडकीशी बसून राहायचे. जेवण ताटात गार व्हायचं. त्यांची थोरली बहीण, ताई, याला 'तुझे पिवळे दिवस' म्हणायची. उन्हात फिरत जा, असं डॉक्टरांनी सांगून झालं होतं, ताईनं सांगून झालं होतं. मास्तर 'हो' म्हणायचे आणि बसून राहायचे.

बटणाला मात्र ना डॉक्टर कळत होते, ना पिवळे दिवस. ऊन कलतं होऊन टेबलावर आलं की ते माझं टोक दातात धरायचं आणि ओढत मास्तरांच्या पायाशी आणायचं. मग काय बिशाद आहे न उठण्याची! आम्ही तिघं चढाच्या रस्त्यानं बागेत जायचो. वाळलेल्या पानांत बटण पोटापर्यंत बुडायचं. मास्तर पायानं पानं उडवत चालायचे, कोणी बघत नाही असं पाहून. परतताना त्यांचे गाल लाल झालेले असायचे, आणि दाराशी पोचेपर्यंत ते कसलीतरी धून गुणगुणायला लागलेले असायचे. "माझं औषध त्या खुंटीवर टांगलंय," असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पण मित्रांनो, कुत्र्याचं आयुष्य ते केवढं! परवाच्या उन्हाळ्यात म्हातारं बटण दुपारी चिंध्यांत झोपलं आणि उठलं नाही. मास्तरांनी त्याला उरलेल्या अस्तरात गुंडाळलं. मला खुंटीला अडकवलं आणि त्यानंतर माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यावर धूळ बसली. एका कोळ्यानं माझ्या कडीत बिऱ्हाड केलं. मी एकटा होतो, पण खोलीत माझ्याहून एकटं कोणीतरी होतं, ते मला दिसत होतं.

पुढे पानगळ आली. या खेपेस ओढायला कोणी नव्हतं. मास्तरांनी दुकानाचं दार उघडणं सोडलं. कुणाचातरी कोट नुसता कापून टेबलावर पडला होता. एक दिवस ताई आली, जेवणाचा डबा ठेवला आणि पडदा सरकवू लागली.

"राहू दे गं. ऊन डोळ्यांवर येतं."

"यायलाच हवं. ऊठ, जरा बाहेर जाऊन ये."

"एकटा फिरू? वेड्यासारखा?"

"कुत्र्याशी गप्पा मारत जायचास, तेव्हा फार शहाणा दिसायचास का?"

एरवी मास्तर हसले असते. या वेळी हसले नाहीत. ताई हळू म्हणाली, "आईनंही अशीच खाट धरली होती रे. आज जाईन, उद्या जाईन करत पुन्हा उंबरा ओलांडलाच नाही. तू तसं करू नकोस." मास्तरांनी मान फिरवली. जाताना ताई माझ्याशेजारी थांबली, पदरानं तोंड पुसलं आणि मग दार ओढून घेतलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

नंतर जे घडलं ते केवळ विसरभोळेपणानं घडलं. एका दुपारी मास्तर खिडकीशी डुलकी घेत होते. पडद्याच्या फटीतून ऊन टेबलावर आलं. मास्तर दचकून जागे झाले, "आलो, आलो," म्हणाले, चपला पायात सरकवल्या, मला खुंटीवरून ओढलं आणि बाहेर! कोळ्याचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं. निम्मा चढ चढल्यावर मास्तरांनी खाली पाहिलं. माझी कडी पानांवरून रिकामीच खरडत चालली होती.

ते जागीच थिजले. कान तापले. मागे वळणार, तोच बागेच्या फाटकाजवळच्या बाकावरून हाक आली, "मास्तर! मधेच काय थांबलात? पुढे चला, पुढे चला!"

बागेत नेहमी भेटणाऱ्या त्या कंडक्टरबाई होत्या. जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेला. नोकरी सुटली, तोंडातलं 'पुढे चला' सुटलं नाही. मास्तर नाइलाजानं बाकाशी गेले.

"आणि आपला दांडगट प्रवासी कुठंय?" बाईंनी विचारलं.

मास्तरांना 'गेलं' म्हणवेना. "मागे राहिलंय," ते कसंबसं म्हणाले.

बाईंनी रिकाम्या कडीकडे पाहिलं, मास्तरांच्या वाढलेल्या दाढीकडे पाहिलं. काय ते समजल्या. "मग बसा की," म्हणाल्या आणि बाकावर सरकून जागा केली. "मागे कोणी राहिलं की गाडी जरा थांबवतात."

दोघं उन्हात बसले. पानं एकेक करून खाली येत होती. पाठ शेकत होती. बऱ्याच वेळानं बाईंनी माझी ती जाड घडी बोटानं चाचपली. "हे काय हो? गाठ आहे?"

"माया आहे," मास्तर म्हणाले.

"काय आहे?"

"माया. जास्तीची ठेवली होती. वाढेल म्हणून." त्यांनी घडीवरून बोट फिरवलं. "वाढलंच नाही हो ते. माया तशीच राहिली. आता तिचं काय करू?"

आणि मास्तर रडले. बटण गेल्यापासून पहिल्यांदा, भर बागेत, मला छातीशी धरून. कंडक्टरबाईंनी समजूत घातली नाही. नुसत्या बसून राहिल्या. ऊन गेल्यावर म्हणाल्या, "उद्या याल ना? मीही इथं एकटीच असते."

लगेच सगळं पालटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. कधी मास्तर दारापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. पण बाई बाकावर एकट्या वाट पाहत असतील, एवढी एक गोष्ट त्यांना घराबाहेर काढायची. मी रोज हातात असायचो, रिकाम्या कडीचा. लोक बघायचे. बघू देत. हळूहळू दोघं बाक सोडून चालू लागले. मग घरातला पडदा सरकला, सुईत दोरा आला, टेबलावरचा कोट शिवून झाला. ताईचा डबा चाटूनपुसून रिकामा परत जाऊ लागला.

आजचीच गोष्ट. ऊन टेबलावर आलं. मास्तर उठले, गळ्यातला टेप काढून ठेवला, आरशात पाहून केस सारखे केले आणि धून गुणगुणत निघून गेले. मी खुंटीवरच! मला वाटलं, आता परत येतील, कपाळावर हात मारतील. पायऱ्यांवर पावलं वाजली, फाटक वाजलं, मग काहीच वाजलं नाही. ते मला विसरले होते. वाईट वाटलं, मित्रांनो. वाटणारच. पण याच क्षणासाठी मी इतके दिवस तग धरून होतो, हेही खरं.

म्हणून सांगतो, पानगळीत कुणाचं दार दिवसचे दिवस बंद दिसलं तर बाहेरून नुसता उपदेश करू नका. हाक मारा, बाकावर जागा करा. आणि तुमचंच मन बसलं असेल, तर ऊन आहे तोवर बाहेर पडा. हातात काहीतरी धरल्याशिवाय पाऊल उचलत नसेल तर खुशाल धरा, लाज बाळगू नका. एक दिवस ते घरी विसराल. विसरा. आम्ही वस्तू रुसत नाही. थोडं रुसतो, पण सांगत नाही.