अडीच सह्या

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅव्हलर्स चेक आहे. किंमत पन्नास अमेरिकी डॉलर. माझ्या अंगावर एकाच बाईच्या अडीच सह्या आहेत. त्यांपैकी पहिली तेवढी योग्य वेळी झाली.

परदेशी जाणाऱ्याने रोकड जवळ बाळगू नये, म्हणून आम्हाला छापतात. आमची रीत साधी आहे. विकत घेताना मालकाने वरच्या रेघेवर सही करायची. परदेशात पैसे घेताना, तिथल्या कॅशियरच्या डोळ्यांदेखत, खालच्या रेघेवर दुसरी. दोन्ही जुळल्या की तो त्या देशाच्या नोटा देतो. खालची रेघ कोरी आहे तोवर चोराच्या हातीही मी नुसता कागद असतो. ती कोरी रेघ हेच माझे कुलूप.

१९९४ च्या एप्रिलमध्ये मी मुंबईहून जळगावच्या एका बँकेत आलो. पिंप्राळ्यातील अकरा माणसे वैशाख पौर्णिमेला श्रीलंकेत, अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला वंदन करायला निघाली होती. त्यांत पासष्टीच्या द्रौपदाबाई होत्या. तीस वर्षे त्यांनी जिनिंग मिलमध्ये कापूस निवडला. त्या धुळीने दिलेला दमा आणि आईविना वाढलेला धाकटा भाऊ, दोन्ही त्यांनी एकटीने सांभाळले. तो भाऊ, पितांबर, शिकून एरंडोलच्या पोस्टात बाबू झाला आणि तिथूनच निवृत्त झाला. यात्रेचे सारे कागदपत्र तेच पाहत होते. दोघा भावंडांचा वरखर्चाचा पैसा त्यांनी एकट्या अक्काच्या नावावर घेतला. स्वतःच्या नावाचा चेक घेतलाच नाही. बहिणीला तेवढा मान द्यावा, असे त्यांच्या मनात होते.

द्रौपदाबाईंना लिहिता येत नव्हते. अंगठा चालतो का, ते बँकेत विचारू, असे भाऊ म्हणाले, तर त्यांनी भावाच्या नातीची पाटी पुढे ओढली.

"बठ्ठा जलम अंगठा दिधा," त्या म्हणाल्या. "आते मनं नाव मी लिखसू."

जन्मभर अंगठा दिलेल्या त्या महिनाभर नाव गिरवत होत्या. बँकेत माझ्या वरच्या रेघेवर सही करायला त्यांना पाच मिनिटे लागली. मागची रांग थांबून राहिली. चढ चढणाऱ्या माणसांसारखी ती अक्षरे तिरपी होती, पण एकही अक्षर गळले नव्हते.

निघण्याच्या आदल्या दिवशी बुद्धविहारात सगळे जमले. पितांबरभाऊंनी सतरंजीवर चेक मांडले. पोस्टात पैसे काढण्याच्या फॉर्मवर दोन ठिकाणी सही लागते. खिडकीशी खोळंबा होऊ नये, म्हणून तीस वर्षे ते लोकांना सांगत आले होते की दोन्ही सह्या आधीच करून आणा, मग रांगेत उभे राहा. आमच्यासोबतचे इंग्रजी पत्रक त्यांनी वाचले होते. पण 'सही समक्ष करावी' ही सूचना पोस्टाच्या भिंतीवरही होती, आणि ती कोणी पाळत नसे. त्यांनी सगळ्यांना पेन दिले आणि खालची रेघ बोटाने दाखवली.

यात्रेला निघालेले चिंधानाना म्हणाले, "पितांबर, तारखेचा शिक्का घरीच राहिला का रे?"

सगळे हसले. द्रौपदाबाई हसल्या नाहीत. त्या माझ्यावर वाकल्या होत्या. पेनाचे टोक खालच्या रेघेकडे येताना मला दिसत होते, आणि मला वाचा नव्हती. ही सही पहिलीहून सुबक झाली. भावाने तिचे कौतुक केले. माझे कुलूप घरातच उघडले गेले होते.

कोलंबोच्या विमानतळावर चेक बदलण्याची खिडकी होती. तिथे मोठी रांग होती. आपले कागद तयार आहेत, पुढे कुठेही काम होईल, असे म्हणून मंडळी बसमध्ये बसली. मी द्रौपदाबाईंच्या पिशवीत होतो. वाटेत त्यांचा श्वास मला ऐकू येई. दुसऱ्या दिवशी तो शिट्टीसारखा वाजू लागला.

वाटेवरच्या एका लहान गावात त्यांना सरकारी इस्पितळात ठेवावे लागले. उपचार फुकट होते, पण लागणारे इंजेक्शन संपले होते. ते बाहेरून आणायचे होते. बाकीच्या नऊ जणांनी जवळची थोडी स्थानिक रोकड देऊन टाकली. पितांबरभाऊंनी त्यांना आग्रहाने बसने पुढे पाठवले. ती रोकड सकाळच्या औषधातच संपली. आपल्या रुपयाच्या नोटा तिथे कोणी घेईना. दुसऱ्या दिवसापासून पौर्णिमेची दोन दिवस सुटी होती. दुपारी दोन वाजता भाऊ मला घेऊन बँकेत गेले.

कॅशियर वयस्क होते. त्यांनी मला हातात घेतले, खालची रेघ पाहिली आणि काऊंटरवर परत ठेवले. ते इंग्रजीत सावकाश बोलले. "ही रेघ माझ्यापर्यंत कोरी यायला हवी होती."

भाऊंनी सही खरी असल्याचे शपथेवर सांगितले. कॅशियर म्हणाले की ती खरी असेलही, पण आपण ती होताना पाहिलेली नाही. असे चेक चोरीचेही असतात. मग त्यांनी भाऊंच्या चेहऱ्याकडे पाहिले. काऊंटर बंद करून आपण स्वतः इस्पितळात येऊ, बाईंनी आपल्यासमोर माझ्या पाठीवर पुन्हा सही करावी, जबाबदारी आपण घेऊ, असे त्यांनी सांगितले.

ते आले तेव्हा चार वाजले होते. रस्त्यावर उत्सवाचे कागदी कंदील बांधले जात होते. द्रौपदाबाईंना उशीला टेकवून बसवले. भाऊंनी मला फाईलवर पालथे ठेवले.

"भाऊ, दोन डाव लिखेल शे ना?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "आखो का बरं?"

आणखी कशासाठी लिहायचे, असे त्या विचारत होत्या. भावाने पेन पुढे केले. त्यांनी पेन धरले. 'द्रौ' लिहिले. बऱ्याच वेळाने 'प' लिहिले. मग पेन माझ्या कडेवरून घसरले आणि फरशीवर पडले.

भाऊंनी बहिणीचा अंगठा हातात घेतला आणि कॅशियरकडे पाहिले. कॅशियरांनी नकारार्थी मान हलवली. माझ्या वरच्या रेघेवर सही होती, अंगठा नव्हता. जो अंगठा जन्मभर चालला होता, त्याला मी ओळखत नव्हतो.

तेव्हा त्या गृहस्थांनी स्वतःच्या खिशातल्या नोटा काढून भाऊंच्या हातात कोंबल्या. भाऊ धावत गेले. इंजेक्शन घेऊन ते परतले, तोवर रस्त्यावरचे कंदील पेटले होते आणि नर्सने पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतला होता.

औषध तासभर आधी मिळाले असते तर, हे भाऊंनी डॉक्टरांना कधीच विचारले नाही. गावी आल्यावर त्यांनी सर्वांत आधी त्या कॅशियरांचे पैसे पाठवले. माझे पैसे मात्र वारसाला आजही मिळू शकतात. बँकेकडून भाऊंना तशी दोन पत्रे आली. त्यांनी उत्तर दिले नाही. पिंप्राळ्याच्या घरात मी त्या पाटीसोबत एका पत्र्याच्या पेटीत आहे. लोक अजून त्यांच्याकडे फॉर्म भरून घ्यायला येतात. भाऊ सगळे भरून देतात आणि सहीच्या जागेवर तळहात ठेवतात. "इथं नको," ते म्हणतात. "तिथं. त्याच्यासमोर."

मित्रांनो, कागदावरची कोरी जागा दिसली की काम राहिले असे समजून घाईने ती भरू नका. कोणाच्या तरी अडचणीच्या वेळेसाठी ती राखून ठेवलेली असते. तिला जपा. मला जपता आली नाही. आता माझ्याकडे एकच कोरी जागा उरली आहे. ती माझ्या पाठीवर आहे, 'द्रौप'च्या पुढे.