धुक्याच्या दिव्याची खाच

बंपरच्या साच्यासाठी आणलेला पोलादी ठोकळा फुकट गेला होता आणि त्याचं खापर मावजुदावर फुटलं होतं. कापणाऱ्या यंत्राने धुक्याच्या दिव्याच्या खाचेत नको तिथे चर पाडला होता. अंदिजानच्या या कारखान्यात साच्याचे पृष्ठभाग संगणकावर आखायचं काम तिचं. संध्याकाळपर्यंत चूक सापडली नाही तर घरी बस, असं संचालकांनी बजावलं होतं; त्यांना सगळे अका, म्हणजे दादा, म्हणत.

"कबूल करून टाक, पोरी," तुर्गुन उस्ताद हळहळत म्हणाले. "मी शब्द टाकतो तुझ्यासाठी."

अकरा वर्षांपूर्वी याच माणसाने तिला कडा जुळवायला शिकवलं होतं. उस्ताद बापासारखा थोर, असं तिकडे म्हणतात. असेल बुवा.

तिने फाइल उघडली. पृष्ठभाग मुळात मोठाच असतो. त्यावर कड आखायची आणि बाहेरचं झाकायचं, म्हणजे यंत्र तिथे कापत नाही. कड पुरती मिटली नाही, तर तोंड उघडं राहिलेल्या समशासारखी, तिकडच्या तंदुरी सामोशासारखी, गत होते, सारण सगळं तंदुरात. खाचेच्या कोपऱ्यात दोन टोकांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट होती. मग संगणकाने लाल खूण का नाही दिली? कारण एका मिलिमीटरपर्यंतची फट चालेल, असं कुणीतरी त्याला सांगून ठेवलं होतं. ताप उतरेना म्हणून तापमापीच फोडायची, तशातला प्रकार.

तिने ती कड पुसली. खालून तिचीच जुनी कड निघाली, बिनचूक मिटलेली, लपवून ठेवलेली. बदलाच्या नोंदीत नाव होतं तुर्गुन. ती उस्तादांकडे वळली.

"उस्ताद, हे तुम्ही केलंत?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ऐन वेळी खाच रुंद करायला सांगितली गं. लाल खुणा हटेनात. सहा महिन्यांनी निवृत्त होतोय मी. तुला काय, दहा कारखाने कामावर घेतील."

"केसानं गळा कापलात माझा!"

तेवढ्यात संचालक आले. उस्तादांनी घाईघाईने तळवे पसरले. "चला, आमच्या मावजुदाला पुढच्या वाटेसाठी दुवा देऊ." सगळ्यांचे हात वर गेले. थोरामोठ्याची दुवा चालू असताना मध्ये बोलायचं नसतं, हे तिथे कुणाला शिकवावं लागत नाही.

मावजुदाचे डोळे भरून आले होते. तिने हात वर केले नाहीत. पडदा संचालकांकडे वळवला.

"दुवा थांबवा, अका," ती म्हणाली. "आधी हे बघा."