ताईची किडनी, मास्तरांचा विमा

“मग दुसरी किडनी कुठे गेली, पडदेताई?”

“गेली नाही. दिलीय.” पडदेताईंनी मशीनखालचे कापड न थांबता पुढे सरकवले. “गेली म्हणजे हरवली, नासली, चोरीला गेली. माझं तसलं काही नाही. डावीकडची होती, धडधाकट होती, मी माझ्या हातानं सही करून दिली.”

विमावाला पेनाचे टोक चावत बसला. त्याच्या घरातले झाडून सगळे पडदे ताईंनीच शिवले होते. त्यामुळे त्यांच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही हे तो पुरते ओळखून होता. पण अर्ज तर पुरा करायला हवा होता. ताईंना परदेशी जायचे होते, धाकट्या भावाबरोबर, त्याच्या मुलीकडे. तिला मुलगी झाली होती, वहिनी बाळंतपणासाठी आधीच तिकडे जाऊन बसली होती, आणि विम्याचा कागद जोडल्याशिवाय मागे राहिलेल्या या दोघांना व्हिसा मिळणार नव्हता.

“तसं नाही हो ताई. कंपनी याला आधीपासूनचा आजार धरते. थोडे जास्त पैसे पडतील, एवढंच.”

“आजार?” मशीन थांबले. “साध्या तापानं मी कधी अंथरूण धरलं नाही. दोन होत्या, एक दिली. आता दिल्याचा दंडही मीच भरायचा?”

“दंड नाही हो...”

“आणि ज्याला दिली त्याच्याकडे आता तीन आहेत. त्याच्या बंद पडलेल्या दोन आत तशाच आहेत. डॉक्टर त्या काढत बसत नाहीत, तिसरी वेगळी जागा बघून बसवतात. म्हणजे तीनवाला ठणठणीत आणि एकवाली आजारी! हा कुठला न्याय?”

विमावाला मोठ्याने हसला आणि हसता हसता एकदम गप्प झाला. “तीनवाला म्हणजे कोण, ताई?”

“कोण म्हणजे? भाऊ माझा. ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर. तुम्हालाही त्यांनीच शिकवलंय ना गाडी?”

विमावाल्याने पिशवीतून दुसरा अर्ज काढला, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. “मास्तरांनी तर सगळीकडे ‘नाही’ लिहिलंय. मोठं ऑपरेशन, नाही. रोजच्या गोळ्या, नाही. अवयव बसवला आहे का, नाही.”

ताईंनी जीभ चावली. पण बाण सुटला होता.

“हे मी ऐकलंच नाही असं म्हणालो असतो,” विमावाला हळूच म्हणाला, “पण ताई, तिकडे काही कमीजास्त झालं आणि हे उघडं पडलं, तर कंपनी हात वर करेल. त्यांना समजावा. मी अर्ज अडवून ठेवतो.”

तो गेला तरी ताईंनी मशीन सुरू केले नाही. कंपनीने हात वर करावेत की खाली, याच्याशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढून तो ‘नाही’ हलत नव्हता. या हाताचे त्या हाताला कळू नये तसे त्यांनी दिले होते. ऑपरेशनच्या आधी त्यांच्या नवऱ्याला लोकांनी काय काय सांगितले, तेव्हा तो भला माणूस एवढेच म्हणाला होता, “वस्तू तिची आहे, ती ठरवेल.” आज तो हयात नव्हता. पुढे भावाला मुलगी झाली, तिचे बारसे, शाळा, लग्न, सगळे झाले. त्या साऱ्या वर्षांत ताईंच्या तोंडून किडनीचा ‘कि’ निघाला नाही, आणि भावाच्याही नाही. घरात त्याला नुसते ‘ऑपरेशन’ म्हणत. ताईंना त्याचे काही वाटले नव्हते, उलट मनातून अभिमानच होता की आपण कधी बोलून दाखवले नाही. पण न बोलणे वेगळे आणि ‘नाही’ म्हणणे वेगळे. ते ‘नाही’ त्यांच्या जिव्हारी लागले.

त्यांनी दुकानाला कुलूप घातले.

मास्तर चौकात सापडले, शिकवणीच्या गाडीत. स्टिअरिंगवर बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, शेजारी मास्तर, आणि मास्तरांच्या पायाखाली शिकवणाऱ्यासाठी बसवलेला दुसरा ब्रेक. ताईंनी मागचे दार उघडले आणि आत बसल्या.

“अगं, क्लास चाललाय,” मास्तर मान वळवून म्हणाले.

“चालू दे. मी कुठे स्टिअरिंग मागतेय?”

“मास्तर, निघू का?” बाईंनी घाबरत विचारले.

“निघा. पहिला गिअर. क्लच हळू सोडा. हं, काय गं ताई?”

“विम्याच्या अर्जात काय लिहिलंस?”

गाडीने गचका दिला आणि बंद पडली. ती बाईंमुळे पडली की मास्तरांमुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

“पुन्हा लावा,” मास्तर बाईंना म्हणाले, आणि आवाज खाली आणून मागे म्हणाले, “ताई, सगळेच तसं लिहितात. खरं लिहिलं की विमा नाही, विमा नाही की व्हिसा नाही. मला नातीला बघायचंय.”

“मलाही बघायचंय. मी नाही खोटं लिहिलं!”

“तुझं वेगळं आहे.”

“वेगळं कसं? एकाच दिवशी, एकाच दवाखान्यात, शेजारच्या टेबलांवर झालं आपलं. माझ्यातून काढली ती तुझ्यात नाही गेली, तर काय खिडकीतून उडाली?”

बाईंनी आरशातून मागे पाहिले. “रस्त्याकडे बघा,” मास्तर म्हणाले. बाई बिचाऱ्या रस्त्याकडे बघू लागल्या, पण कान काही त्यांनी वळवले नाहीत.

“मास्तर, डावीकडे वळायचं ना?”

“ताई, आपण घरी बोलू.”

“घरी बोललो असतो तर हे इथवर आलं असतं का?” ताईंचा आवाज आता चढला नाही, उतरला. “हे बघ, आभार मान असं मी तुला कधी म्हटलं नाही. तू मानलेही नाहीस, ते बरंच झालं, मला ते सोसवलं नसतं. पण ‘नाही’ लिहिलंस रे. तुझ्यात मी आहे का, असं विचारल्यावर तू ‘नाही’ लिहिलंस. तुझा तू जा. मी येत नाही.”

मास्तरांनी ब्रेक दाबला. रस्ता मोकळाच होता. ताई दार उघडून उतरल्या आणि पुन्हा मागे पाहिले नाही.

“वळण मागेच गेलं, मास्तर,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

पडदेताई रुसल्या की त्यांच्या दुकानात गिऱ्हाईकसुद्धा जपून बोलत असे. त्या आठवड्यात एका माणसाने पडद्याच्या रंगाबद्दल तिसऱ्यांदा मत बदलले, तेव्हा ताईंनी त्याला खिडकीच भिंत घालून बुजवून टाकायला सांगितली. भाचीचा फोन आला, “आत्या, तिकिटं काढू ना दोघांची?” ताई म्हणाल्या, “तुझ्या बापाला विचार.” आणि फोन ठेवल्यावर त्यांना वाईट वाटले. पोरीचा काय दोष होता?

मास्तर आले ते भर दुपारी, दुकान रिकामे असताना. बसायला स्टूल होते, पण ते कापडाच्या गठ्ठ्यावर बसले, लहानपणी रागावून बसत तसे.

“विमावाल्याला भेटून आलो,” ते म्हणाले. “नवा अर्ज भरला. खरं लिहिलं सगळं.”

ताई काजे करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“तो म्हणाला, दुप्पट पडेल. आणि कंपनीला ताजी सोनोग्राफी हवी. किडनी उत्तम निघाली तर विमा देतील, जरा इकडेतिकडे असली तर सरळ नकार. म्हणजे माझं जाणं आता त्या रिपोर्टवर आलं.”

“मग खोटंच ठेवायचं होतंस.”

“ताई.” मास्तरांनी गठ्ठ्यातला एक सुटा दोरा ओढला. “पैशापायी नव्हतं लिहिलं तसं. व्हिसापायी पण पुरतं नव्हतं. माझ्या पायाखाली ब्रेक असतो म्हणून लोक माझ्या शेजारी निर्धास्त बसतात. आणि मी स्वतः कोणाच्या जिवावर निर्धास्त आहे, ते माझ्या तोंडातून निघत नाही. म्हणायला गेलो की गळा भरून येतो. तेव्हा दवाखान्यात तुला बघितलं ना, पलंगाला धरून चालताना, तेव्हापासून. म्हणून कधी बोललो नाही. अर्जात तो प्रश्न आला, पेन थांबलं, आणि मी सोपं ते लिहून मोकळा झालो.” त्यांनी मनगटाने नाक पुसले.

ताईंनी सुई कापडात टोचून ठेवली. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला होता, पण तो असा फुकट जाऊ देणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

“मग रड की. कापडाचं दुकान आहे, पुसायला कमी नाही,” त्या म्हणाल्या आणि एक अस्तराचा तुकडा भावाकडे फेकला.

सोनोग्राफीला त्या बरोबर गेल्या. तसे कोणी बोलावले नव्हते. बाहेरच्या बाकावर मास्तर बाटलीतले पाणी घोटघोट पीत बसले होते, आणि ताई त्यांच्याकडे चोरून पाहत होत्या. माणूस म्हणून त्यांचा भाऊ घुमा होता, हट्टी होता, पण एक गोष्ट ताईंना कबूल करावीच लागे. गोळीची वेळ झाली की तो भर रस्त्यात गाडी बाजूला घेई. बाहेरचे खाणे नाही, जागरण नाही, ताप आला की आधी डॉक्टर. दिलेली वस्तू अशी जपणारा माणूस विरळा. हे त्याला सांगायचे राहूनच गेले होते, हे त्यांना तिथे बसल्याबसल्या कळले.

मास्तरांचा नंबर आला तशा ताईही उठल्या. आत एक तरुण डॉक्टरीण होती. “काकू, तुम्ही बाहेर थांबा. आत फक्त पेशंट.”

ताई मागे सरल्या. नियम म्हणजे नियम. तेवढ्यात तपासणीच्या टेबलावर आडवे झालेले मास्तर अर्धे उठले.

“डॉक्टर, तिला राहू द्या.” त्यांचा आवाज फाटला, पण थांबला नाही. “माझी ताई आहे. तिचीच किडनी आहे ती. तिच्यामुळे मी आहे.”

डॉक्टरणीने एकदा मास्तरांकडे, एकदा ताईंकडे पाहिले आणि स्वतःचे स्टूल पायाने पुढे ढकलले. “बसा, काकू.”

तिने मास्तरांच्या पोटावर उजवीकडे, खाली, गार जेल लावले आणि यंत्र फिरवले. पडद्यावर सगळे राखाडी धुके होते. ताईंना त्यात काही म्हणजे काही कळेना. त्यांनी आयुष्यभर पडदे पाहिले, पण हा निराळा होता. इतक्या वर्षांनी काही भलतेच निघाले तर? खरे लिहायला लावले म्हणून भावाचे नातीला बघणे राहून गेले तर?

“ही बघा,” डॉक्टरीण म्हणाली.

धुक्यात एक गोलसर आकार होता. तिने एक बटण दाबले, आणि त्या आकारात लाल-निळ्या रेषा झाडाच्या फांद्यांसारख्या उमटल्या, लुकलुकल्या.

“हे रक्त खेळतंय. छान. आकार छान, कुठे सूज नाही, अडथळा नाही.” तिने मापे घेतली, पुन्हा पाहिले. “खरं सांगू? इतकी जुनी असून इतकी सुंदर किडनी मी फार कमी पाहिलीय. रिपोर्टमध्ये तसंच लिहिते. विमा द्यायला त्यांना काही अडचण येऊ नये.”

“थँक्यू,” ताई म्हणाल्या.

डॉक्टरीण हसली. मास्तर छताकडे पाहत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी कानाकडे ओघळत होते. ताईंची नजर मात्र पडद्यावरून हलेना. त्यांच्या डाव्या कुशीतली ती, इथे येऊन उजवीकडे राहिली होती. जन्म एका घरी आणि संसार दुसऱ्या घरी, तशी. इतक्या वर्षांत त्यांनी तिची कधी विचारपूस केली नव्हती, आणि तिनेही एका शब्दाने माहेरी तक्रार कळवली नव्हती.

“नांदतेय की गं चांगली,” ताई पडद्याला म्हणाल्या.

यंत्र बंद झाले, धुके गेले. डॉक्टरणीने जेल पुसायला कागद पुढे केला. मास्तरांनी हात लांबवला, पण ताईंनी तो मधेच घेतला.

“थांब. तुला पुसता येत नाही धड.”

त्यांनी हलक्या हाताने पोट पुसले. जुन्या टाक्यांची पांढरी रेघ लागली. तिच्या आत, कातडीखाली, हाताला एक लहानसा ऊबदार उंचवटा जाणवला. पुसून झाले तरी ताईंचा तळवा तिथेच टेकून राहिला.

“काका, उठा आता, पुढचा पेशंट आहे,” डॉक्टरीण म्हणाली, पण दार उघडायला ती काही गेली नाही.

मास्तर उठले नाहीत. ताईंनीही हात काढला नाही.