जिन्यातल्या दिव्याचा सेन्सर

नऊ मार्च २०१४, रविवार, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. बरकतपुऱ्यातल्या आपल्या इमारतीच्या जिन्यात प्रभाकरराव घड्याळ धरून उभे होते. दोन मिनिटांत दिवा बावीस वेळा लागला आणि बावीस वेळा विझला. त्यांनी आकडा वहीत लिहिला.

वायरिंग कालच नव्या वायरमनने पुन्हा केले होते. दोष वायरिंगमध्ये नव्हता.

अंधार पडताच दिवा लावणारी ही जुळणी त्यांच्या छंदातली. एकतीस वर्षे तंत्रनिकेतनात शिकवलेल्या माणसाला साजेल अशा रीतीने त्यांनी तीन सेन्सर मायक्रोकंट्रोलरला आळीपाळीने जोडून अकरा दिवस तपासले आणि अखेर साधा एलडीआर, म्हणजे उजेडाप्रमाणे विद्युतरोध बदलणारा सेन्सर, निवडला. तक्त्यात वेग, संवेदनशीलता, किंमत असे सहा रकाने होते. बसवण्याच्या जागेचा रकाना नव्हता.

भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या पत्नी इंदुमती वर येत होत्या. दम लागला म्हणून त्या भिंतीला टेकल्या, आणि सेन्सर त्यांच्या खांद्याआड गेला. दिवा लागला तो लागलेलाच राहिला.

"अहो, झाला की नीट!"

"हलू नकोस." थोड्या वेळाने ते म्हणाले, "आता बाजूला हो."

दिव्याची उघडझाप पुन्हा सुरू झाली.

दिव्याचाच उजेड सेन्सरवर पडत होता. सेन्सर त्याला दिवस समजून दिवा विझवत होता. पहिल्या वर्षातली मुले ही चूक करीत, आणि प्रभाकरराव त्यांना वर्गात उभे करीत.

"मग त्या वेंकटेश्वरलूचं काय?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. वेंकटेश्वरलू हा आधीचा वायरमन, मूळचा गुंटूरचा; ते आता नव्या राज्यसीमेपलीकडे जाणार होते. पंधरवड्यापूर्वी रहिवाशांच्या बैठकीत या दिव्याचा विषय निघाला तेव्हा प्रभाकररावच म्हणाले होते, "राज्य तुटतंय, याचं चित्त गुंटूरला. इथं हात कसा चालेल?" सगळ्यांच्या माना डोलल्या. त्याचे इथले काम गेले. शेजारच्या दोन इमारतींनीही त्याला बोलावणे थांबवले.

छप्पन साली, इथले जुने राज्य भाषेप्रमाणे तीन तुकड्यांत वाटले गेले तेव्हा, प्रभाकररावांच्या मराठी वडिलांना कचेरीत रोज कोणीतरी विचारी, "तुम्ही अजून गेला नाहीत?" जेवताना वडील मान वर करीत नसत.

"सेन्सर वीतभर वर सरकवला की भागेल," ते म्हणाले. "कुणाला कळायचंही नाही."

इंदुमतींनी पिशवी उचलली आणि त्या वर गेल्या.

प्रभाकररावांनी फोन लावला.

"वेंकटेश्वरलू, गलती मेरी थी. तुम्हारी वायरिंग ठीक थी."

"मेरेकू मालूम है साब. मेरेकू कायकू बोलरे? उनकू बोलो. सबके सामने बोले थे ना आप."

पुढच्या रविवारच्या बैठकीची नोटीस त्यांनी स्वतः लिहून आठही घरांत दिली आणि वेंकटेश्वरलूलाही कळवली. विषय : जिन्यातल्या दिव्याचा दोष व त्याची जबाबदारी. दिवा तोवर सुरळीत चालू लागला होता. गच्चीवर सतरंजी अंथरून ते ठरल्या वेळेच्या आधीच उभे राहिले. वेंकटेश्वरलू वेळेवर आला आणि कठड्यापाशी थांबला.

आधीच्या बैठकीला एकोणीस माणसे होती. या बैठकीला, वेंकटेश्वरलूला धरून, चार आली.