नाव घेऊन सांग

तव्यावर भाकरी करपत होती आणि सून हातातल्या आरशात स्वतःची जीभ बघत उभी होती. त्याच सकाळी मालनबाईंनी ठरवलं, या शिक्षणाचा आता निकाल लावायचा.

"काय चाललंय गं?"

"आत्याबाई, ट म्हणताना जीभ कुठं टेकते ते बघत होते. भाषाविज्ञानाचा पेपर हाय." सुवर्णानं घाईनं भाकरी उलटली.

"तोंडात टेकते. दुसऱ्याच्या घरात टेकत असंल तर सांग."

मखमलाबादच्या शिवारात मालनबाईंचा झेंडूचा मळा. नाशकाच्या फुलबाजारात त्या करंडी उतरवू लागल्या की व्यापारी आपोआप सरळ बसत. स्वतः दुसरीपर्यंत शिकलेल्या. तिसरीत नवीन काय सांगणार होते, असं त्या अजूनही लोकांना विचारत. सुवर्णा बारावी होऊन या घरात आली, पोरं हाताशी आल्यावर तिनं घरी बसून बी.ए. केलं. ते मालनबाईंनी चालवून घेतलं, कारण चारचौघींत सांगायला बरं वाटायचं. पण आता बाई इंग्रजीत एम.ए. करायला निघालेली. दर रविवारी पर्स लटकवून कॉलेज रोडवरच्या अभ्यासकेंद्रात. इंग्रजी बोलणार कुणाशी, झेंडूशी?

त्यात दसरा तोंडावर आलेला. दसऱ्याच्या आठवड्यात या घरातलं माणूस मळा सोडून हलत नसे, आजारीसुद्धा पडत नसे. तशी मुभाच नव्हती.

"या रविवारी मीपण येते," मालनबाई म्हणाल्या. "बघू तरी कसली शाळा ती."

सुवर्णाचा चेहरा उतरला. "लेखनाचा तास हाय, आत्याबाई. तुम्हाला कंटाळा येईल."

"मला कंटाळा येत नाय. राग येतो."

वर्ग बघून तर मालनबाईंना कीवच आली. बाकांवर सगळी बापई नि बायामाणसं, संसार असलेली. एक बँकेतला, दोघीतिघी मास्तरणी, एक हर्षाली नावाची लांब नखांची पोरगी. त्या नखांनी तिनं आयुष्यात पीठ मळलं नसणार. शिकवायला प्रफुल्ल सर. शर्ट बाहेर सोडलेला, आणि दोन वाक्यं झाली की बाटलीतून पाण्याचा घोट. जणू तहान लागण्याचाच पगार मिळतो.

"या आजी, बसा ना," सर म्हणाले.

"आजी कुणाची? माझे नातू घरी हायेत."

त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या ओळखीच्या माणसावर इंग्रजीत लिहून आणलेलं वाचायचं होतं. बँकेतला उभा राहिला आणि कोर्टाचं समन्स वाचावं तसं वाचून बसला. मास्तरणींचं तोंड उघडलं की नाही तेच कळलं नाही. याला म्हणे विद्यापीठाचं शिक्षण. एवढ्या वेळात मालनबाईंनी शेवंतीची पाटी विकून चहा प्यायला असता.

मग सुवर्णा उठली. घरात ही बाई भिंतीकडं बघून बोलायची. इथं तिनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. मालनबाईंना अक्षर कळत नव्हतं. पण त्या सगळ्या गडबडगुंड्यात एक शब्द स्वच्छ ऐकू आला.

मालनबाई.

त्यांच्या घरात सून सासूचं नाव घेत नाही. नवऱ्याचं घेते ते उखाण्यापुरतं, सासूचं तेवढंही नाही. मालनबाईंनी स्वतः आपल्या सासूचं नाव तिच्या दहाव्यालासुद्धा तोंडातून काढलं नव्हतं. आणि ही सून परक्या माणसांत उभी राहून, बाजारात हाळी द्यावी तशी, मालनबाई, मालनबाई करत होती. वर्ग हसत होता. हर्षाली डोळे पुसत मागं वळून मालनबाईंकडंच बघत होती.

शेवटच्या वाक्याला मात्र कुणी हसलं नाही. सरांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि मग टाळ्या पडल्या. आता मालनबाईंकडं कुणीच बघत नव्हतं. सगळे मुद्दाम दुसरीकडं बघत होते.

चहाची सुट्टी झाली. फाटकाबाहेरच्या टपरीच्या बाकड्यावर मालनबाई बसल्या, सून समोर उभी.

"आता मराठीत सांग."

"लिहिलंय की तुम्ही लय कष्टाळू. पहाटे उठता. फुलांना पोरांसारखं जपता."

"आणि त्याला ती माणसं हसली? कष्टाला हसायची चाल हाय का तुमच्यात?"

सुवर्णानं चहाचा ग्लास या हातातून त्या हातात घेतला. "लिहिलंय की व्यापाऱ्यानं भाव पाडला तर तुम्ही त्याला मिशीसकट करंडीत भरता."

हे बरोबर होतं. मालनबाईंनी पदर तोंडाशी नेला. "अजून?"

"पाहुण्यांपुढं माझ्या भाजीला नावं ठेवता, आणि ते गेले की तीच दोनदा वाढून घेता."

"टाकून द्यायला जिवावर येतं म्हणून घेते. आणि शेवटी काय होतं? तिथं कुणी हसलं नाय."

सुवर्णानं ग्लास बाकड्यावर ठेवला.

"माझ्या तोंडावर बोलायची धमक नाय म्हणून अख्खी परकी भाषा शिकलीस व्हय? एवढ्या लांबनं वळसा? बोल आता. आणि नाव घेऊन सांग, आत घेतलंस तसं. आत तर जिभेला हाड नव्हतं."

सुवर्णानं तोंड उघडलं. "मा..." म्हणाली आणि थांबली.

"झालं? एवढंच तुझं एम.ए.?"

"मालनबाई," सुवर्णा म्हणाली. मान खाली गेली नाही. "परीक्षा दसऱ्याच्या आठवड्यात हाय. मी बसणार हाय. यंदा झेंडू तोडायला मी नाय."

नावाचं मालनबाईंना एवढं लागलं नाही. परीक्षेचंही नाही. लागलं ते हे, की त्यांच्या घरातली गोष्ट त्यांच्या आधी बँकेतल्याला ठाऊक झाली. त्या नखवाल्या पोरीला, त्या पाणीपित्या मास्तराला ठाऊक झाली. आता आत बसून ती कुजबुजत असतील, म्हातारी सुनेला घरात कोंडणार म्हणून. ज्यांना झेंडू कुठल्या बाजूनं खुडायचा माहीत नाही, ती माणसं मालनबाई काय करणार ते ठरवणार!

"मग त्या मालनबाईनं काय केलं? लिहिलंस?"

"नाय. तिथंच संपवलं. पुढचं मला माहीत नव्हतं."

मालनबाई उठल्या. तरातरा वर्गाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. सगळ्यांची कुजबुज थांबली.

"हिची गोष्ट अर्धीच हाय," त्या म्हणाल्या. "पुढचं मी सांगते. मालनबाई म्हणाली, बस परीक्षेला. झेंडू तिचा नवरा तोडंल. माझाच पोरगा हाय, नाहीतरी दसऱ्याला कमरेवर हात ठेवून नुसता उभा असतो."

मागच्या बाकावरून कुणीतरी टाळी वाजवली.

"हात खाली! नापास झाली तर पुढच्या दसऱ्याला अख्खा मळा हिच्या एकटीकडून तोडून घेईन, तेव्हा या टाळ्या वाजवायला." त्यांनी प्रफुल्ल सरांकडं पाहिलं. "आणि तुम्ही मास्तर, पाणी कमी प्या आणि जरा शिकवा."

परतीच्या रिक्षात सुवर्णानं पर्स मांडीवर घेतली. रामवाडीचा पूल मागं पडल्यावर हळूच म्हणाली, "आत्याबाई..."

"आता परत आत्याबाई?"

"मग काय म्हणू?"

"नाव घ्यायचं ते त्या वर्गात," मालनबाई म्हणाल्या आणि पदर सावरून बसल्या. "घरात घेतलंस तर जीभ कुठं टेकते ते मी दाखवीन. आरसा लागणार नाय."